पॉलीहाऊसमधली हवा झाडासाठी असते, माणसाचं कोण बघणार?

पॉलीहाऊसमध्ये, म्हणजे प्लास्टिकने झाकलेल्या बंद शेडमध्ये, काम करते म्हटलं की लोकांना वाटतं, चला बरंय, डोक्यावर छप्पर आहे, ऊन नाही पाऊस नाही, उघड्या रानात खुरपणी करण्यापेक्षा कितीतरी सुखाचं काम. छप्पर आहे हे खरंच आहे. पण ते छप्पर झाडासाठी आहे. आत ऊन किती यावं, दमटपणा किती असावा, पडदे कधी उघडायचे, पाण्याचे तुषार उडवणारा फॉगर कधी चालू करायचा हे सगळं पिकाला काय लागतं त्यावर ठरतं, आणि ते तसंच ठरायला पाहिजे, पीक वाचलं तरच आमचं काम वाचतं. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याच हवेत दिवसभर माणसं पण असतात आणि त्यांच्या बाजूने मोजणारं एकही यंत्र आत टांगलेलं नसतं. मी आधी उघड्या शेतात होते, मग नर्सरीत आले, आता नर्सरी आणि पॉलीहाऊस दोन्हीकडे असते, आणि हे काम मला मनापासून आवडतं म्हणूनच हे सगळं लिहायला बसलेय.

आधी काम काय असतं ते सांगते, कारण ज्यांनी केलं नाही त्यांना वाटतं रोपांना पाणी घालायचं, झालं.

रोपं करायची तर सुरुवात कोकोपीटपासून, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशापासून. ते विटेसारखं दाबून आलेलं असतं, ते भिजवून मोकळं करायचं आणि मग मूठ दाबून बघायची, बोटांच्या फटीतून पाण्याची धार लागली तर जास्त ओलं, मूठ उघडल्यावर गोळा भुरभुर सुटला तर कमी ओलं. खणाखणांचे ट्रे त्याने भरताना दाबायचं नाही, दाबलं की मुळांना हवा मिळत नाही, पण फार सैल पण ठेवायचं नाही कारण पहिल्या पाण्यालाच खाली बसतं. मग प्रत्येक खणात खळगा, एक बी, वरून पातळ थर. ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचे आणि इथून पुढे खरी नजर लागते. बी उगवायला लागलं, मातीतून वाकलेली पांढरी मान दिसली की ट्रे लगेच सुट्टे करून उजेडात मांडायला लागतात, अर्धा दिवस जरी उशीर झाला तरी अंधारात रोप उजेड शोधत लांबच लांब वाढतं, दोऱ्यासारखं बारीक होतं आणि ते परत कधीच जाड होत नाही. म्हणून ज्या बाईला उगवणीचा अंदाज आहे ती सुट्टी घेताना पण ट्रे बघून घेते.

पाण्याचं तर विचारूच नका. ट्रेच्या कडेचे खण मधल्या खणांपेक्षा लवकर वाळतात, त्यामुळे सगळीकडे सारखा शॉवर फिरवला की कडा कोरड्या आणि मध्ये चिखल. आम्ही ट्रे एका कोपऱ्याने उचलून वजनावरून ठरवतो. हाताला कळतं, अजून पाणी आहे की द्यायला पाहिजे, आणि हे कळायला एक अख्खा हंगाम जातो. संध्याकाळी उशिरा पाणी दिलं आणि रात्रभर पानं, कोकोपीट सगळं ओलं राहिलं की सकाळी ट्रेमध्ये टकलं पडल्यासारखी गोल जागा दिसते, रोपं मातीला टेकतात तिथेच बारीक होऊन आडवी झालेली असतात. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशा असतात त्या. एका खणातून शेजारच्या खणात जायला त्यांना वेळ लागत नाही.

आणि कलम. टोमॅटो किंवा वांग्याचं रोप रोगाला दाद न देणाऱ्या दुसऱ्या रोपाच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकटच्या खालच्या भागावर, चढवायचं असतं, दोन्हीची काडी सारख्या जाडीची निवडायची, एकाच कोनात तिरका छेद द्यायचा, छेदाला छेद बरोबर चिकटवून सिलिकॉनची क्लिप लावायची. काडी सुतळीपेक्षा थोडीशीच जाड. क्लिप लावताना छेद केसभर जरी सरकला तरी कलम धरत नाही. त्यानंतर ती रोपं बंद जागेत ठेवतात, आत दमटपणा 90 टक्क्यांच्या वर, उजेड कमी, कारण वरच्या काडीला स्वतःची मुळंच नाहीत, पाणी ओढणार कुठून, मग हवेतच इतकं पाणी ठेवायचं की पानातून उडून जायला नको. काही दिवसांनी हळूहळू झाकण उघडून बाहेरच्या हवेची सवय लावायची. त्या बंद जागेत वाकून ट्रे लावताना डोळ्यात घाम जातो, हात ओले असतात, पुसायची सोय नसते, तरी हात हलवून चालत नाही. हजेरीपटावर हे काम अकुशल मजुरीत धरतात ते मला अजिबात पटत नाही, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगू शकते.

आता गरमीबद्दल.

काच किंवा प्लास्टिकच्या खाली गरम का होतं याचं कारण मी बरेच दिवस चुकीचं ऐकलं होतं, की ऊन आत येतं आणि उष्णता काचेतून परत बाहेर जात नाही म्हणून. ते थोडंसंच खरं आहे. रॉबर्ट वूड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1909 मध्ये दोन पेट्या करून बघितल्या, एकीवर काच आणि दुसरीवर सैंधवाची पारदर्शक चकती, जिच्यातून ती उष्णता आरपार जाऊ शकते, आणि दोन्ही पेट्या जवळपास सारख्याच तापल्या. म्हणजे मुख्य गोष्ट ही की तापलेली हवा वर उठून निघून जाऊ शकत नाही, कोंडून राहते. हे कळल्यावर मला आमच्या पॉलीहाऊसची रचना वेगळी दिसायला लागली, वरची खिडकी उघडी आहे की बंद यावरच आतल्या माणसाचा दिवस ठरतो. आणि सगळ्यात गरम हवा छपराखाली असते, म्हणजे जो ट्रॉलीवर चढून वेलींचे शेंडे बांधतो तो खाली तोडणी करणाऱ्यापेक्षा जास्त तापतो, खालच्याला ते कळत पण नाही.

त्यात फॉगर. फॉगर बारीक तुषार उडवतो, ते तुषार हवेतली उष्णता घेऊन वाफ होतात, थर्मामीटर खाली येतो, झाडाची पानं टवटवीत होतात. पण माणूस गार होतो तो घाम वाळल्यावर, आणि हवेत आधीच पाणी भरलेलं असेल तर घाम वाळतच नाही, नुसता वाहतो. म्हणून बाहेर 36 अंश कोरडं असताना माणूस टिकतो आणि आत 33 अंशात गळून जातो. आकडा बघून कुणी म्हणतं, बाहेरपेक्षा आत तर गार आहे की! तो आकडा झाडाचा असतो.

माणसासाठी मोजायची पद्धत आहे, नवीन पण नाही. 1950 च्या दशकात अमेरिकन सैन्याच्या प्रशिक्षण तळांवर नवीन भरती झालेली पोरं उष्माघाताने मरत होती, तेव्हा त्यांनी एक मापन काढलं, त्याला डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर) म्हणतात. त्यात ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या आकड्याला 70 टक्के वजन असतं, काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरला, म्हणजे थेट उन्हाच्या तापाला, 20 टक्के आणि साध्या थर्मामीटरला फक्त 10 टक्के. आमच्या भिंतीवर जो टांगलेला असतो तो हा शेवटचा 10 टक्केवाला. यावरून काय ते समजून घ्या.

मागच्या उन्हाळ्यात एक नवीन पोरगा आला होता, अंगाने धट्टाकट्टा, आधी सावलीत बसून काम करणारा. दुसऱ्याच दिवशी त्याला ट्रॉलीवर चढवलं, काकडीच्या वेली सुतळीला गुंडाळायला. मी खालच्या ओळीत बगलफूट, म्हणजे बाजूचे कोंब, काढत होते. दुपार व्हायच्या आधी माझं लक्ष गेलं तर तो एकच वेल परत परत गुंडाळत होता, सोडवायचा, परत गुंडाळायचा. मी म्हटलं, अरे खाली ये जरा, पाणी पी. तो म्हणाला, हो ताई झालंच, आणि परत तीच वेल हातात घेतली. मी परत हाक मारली तर माझ्याकडे असं बघितलं की ओळखच नाही. शर्ट ओला चिंब होता, घाम येत होता, म्हणून बाकीच्यांना काही वाटलं नाही, सगळे समजतात की घाम थांबला तरच उष्माघात, तसं नसतं, कष्टाचं काम करताना घाम चालू असून पण होतो. माणूस उलटसुलट बोलायला लागला, गोंधळला, चालताना झोक जायला लागला, ही खरी खूण. आम्ही दोघींनी त्याला धरून उतरवलं, बाहेर सावलीत आडवा केला, शर्ट काढून ड्रिपच्या मेन पाइपचं पाणी अंगावर सोडलं, पुठ्ठ्याने वारा घालत राहिलो आणि मानेला काखेत ओली फडकी लावली. गाडी येईपर्यंत पाणी बंद केलं नाही. डॉक्टर म्हणाले की लगेच गार केलं म्हणून वाचला. तो आता बरा आहे, आमच्यातच आहे, नर्सरीच्या बाजूला काम करतो.

त्यानंतर मी याबद्दल जे सापडेल ते वाचायला लागले आणि एक गोष्ट वाचून फार वाईट वाटलं. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा विभागाने उष्णतेमुळे कामावर झालेले मृत्यू बघितले तर जवळपास निम्मे कामाच्या अगदी पहिल्याच दिवशी झालेले, आणि 70 टक्क्यांहून जास्त पहिल्या आठवड्यात. म्हणजे मरतात ते नवे. शरीराला गरमीची सवय व्हायला वेळ लागतो, घाम लवकर यायला लागतो, त्यातून मीठ कमी जायला लागतं, हे सगळं आपोआप होतं पण एक दोन आठवडे द्यायला लागतात. म्हणून नियम असा सांगतात की नवीन माणसाला पहिल्या दिवशी गरमीत पूर्ण दिवसाच्या फक्त 20 टक्के काम आणि मग रोज 20 टक्के वाढवायचं. आणि आपल्याकडे उलटं असतं, नवा आहे म्हणजे ताजातवाना आहे, लावा कष्टाच्या कामाला. जुना माणूस आजारपणानंतर किंवा मोठ्या सुट्टीनंतर आला तरी त्याची सवय मोडलेली असते, हे पण लक्षात ठेवायला पाहिजे.

पाणी तहान लागल्यावर प्यायचं नसतं, दर 15 ते 20 मिनिटांनी एक पेला, आणि बाटली हाताशी पाहिजे, गेटवरच्या माठापर्यंत जायला कुणी ओळ सोडत नाही. एल साल्वाडोर आणि निकाराग्वा या देशांत ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांच्या किडन्या निकामी होत होत्या, डायबिटीस नाही, बीपी नाही, तरी. पूर्ण कारण अजून डॉक्टर शोधतायत पण गरमीत अंगमेहनत आणि शरीरातलं पाणी कमी होणं याचा त्यात मोठा वाटा धरतात, आणि तिथे पाणी, विश्रांती, सावली असा कार्यक्रम सुरू केला. उसाचा फड आणि पॉलीहाऊस वेगळं आहे पण शरीर तेच आहे ना.

फवारणीबद्दल थोडं. उघड्या शेतात औषध वाऱ्याने निघून तरी जातं, बंद घरात ते हवेत राहतं आणि पानांवर तर राहतंच. बऱ्याच औषधांच्या लेबलवर लिहिलेलं असतं की फवारल्यानंतर किती वेळाने आत जायचं, काहींचं 4 तास असतं, काहींचं 48 तास. वास गेला म्हणजे औषध गेलं असं समजून आत जाऊ नका आणि कुणाला पाठवू नका. आम्ही दिवसभर पानं हातात धरूनच काम करतो, श्वासातून जातं त्यापेक्षा जास्त औषध कातडीतून आत जातं, ओली पानं असली की अजूनच. तंबाखूच्या शेतात तर औषध नसताना पण मजूर आजारी पडतात, ओल्या पानांतलं निकोटीन कातडीतून आत जातं आणि उलट्या, चक्कर, डोकं धरणं सुरू होतं.

या बाबतीत युरोपातली एक गोष्ट मला नेहमी आठवते. तिथल्या काचघरांत टोमॅटोला फळ धरावं म्हणून पूर्वी माणसं हातात बॅटरीवर थरथरणारी कांडी घेऊन एक एक फुलाचा घोस हलवत फिरायची, कारण आत वारा नसतो. 1980 च्या दशकाच्या शेवटी बेल्जियम, नेदरलँड्समध्ये बंबलबी म्हणजे त्या मोठ्या केसाळ माश्या पाळून आत सोडायला लागले, त्या फुलाला लटकून स्वतःच थरथरतात आणि पराग झडतो. पण माश्या आत आहेत म्हटल्यावर कडक औषध मारता येईना, माश्या मरतात. मग पांढरी माशी या किडीवर एन्कार्सिया ही बारीक गांधीलमाशी, लाल कोळी या किडीवर त्याला खाणारा दुसरा कोळी, असे मित्रकिडे वापरणं खूप वाढलं आणि फवारणी कमी झाली. आतल्या मजुरांना त्याचा फायदा झालाच. मला आनंद वाटतो आणि रागही येतो, कारण माणसं त्याच औषधात इतकी वर्षं काम करत होती तेव्हा कुणी हात आखडला नव्हता.

असंच बाकी पण आहे. दारात पाय बुडवायला औषधाचा टप, हात धुवायला साबण, ओळ बदलली की ग्लोव्हज बदला, कात्री निर्जंतुक करा, हे सगळं कडक पाळतात, कारण टोमॅटोवरचे काही विषाणू हाताने, कपड्याने, हत्याराने पसरतात. 2014 च्या सुमाराला इस्रायलमध्ये दिसलेला टोमॅटोचा ब्राऊन रुगोज विषाणू तर बियांतून, रोपांतून आणि असाच हातोहात कितीतरी देशांत पोचला. जुन्या तंबाखू मोझॅक विषाणूसाठी रोपं हाताळताना हात दुधात बुडवायचे, साय काढलेल्या दुधात, त्यातल्या प्रोटीनने विषाणू निकामी होतो, हे खरंच करतात. तर झाडासाठी हात धुवायला साबण दारात येतो, मग जेवणाआधी आमच्यासाठी तोच साबण वापरायला मिळाला पाहिजे, वेगळं काही मागत नाहीये. टोमॅटोच्या झाडाचा तो हिरवट काळा चिकटा नुसत्या पाण्याने जात नाही, त्याच्याबरोबर औषधाचा अंश पण हाताला राहतो आणि त्याच हाताने आपण घास खातो.

पाठीचं पण तसंच. नर्सरीत ट्रे जमिनीवरून उचलून जाळीच्या टेबलावर आणले ते पाण्याचा निचरा व्हावा, खालून हवा लागून मुळं खणातच राहावीत म्हणून. त्याने आमच्या कंबरा वाचल्या, भले त्यासाठी केलेलं नसो. जिथे अजून जमिनीवर ट्रे आहेत तिथल्या बायका संध्याकाळी सरळ उभ्या राहायला वेळ घेतात. कॅलिफोर्नियात आखूड दांड्याचं खुरपणीचं हत्यार होतं, त्याने दिवसभर दुमडून काम करायला लागायचं, मालक म्हणायचे त्यानेच काम नीट होतं, मजुरांच्या बाजूने वकील लढले आणि 1975 मध्ये त्याच्यावर बंदी आली. लांब दांड्याने पण पीक आलंच की.

अजून एक, गुलाबाच्या काट्यांना आणि शेवाळाला हलकं घेऊ नका. 1988 मध्ये अमेरिकेत पाइनची रोपं ज्या स्फॅग्नम शेवाळात गुंडाळून पाठवली होती त्यातून 84 जणांना कातडीचा बुरशीचा रोग झाला, बारीक ओरखड्यातून आत शिरतो आणि हातावर गाठी येत वर वर चढतो. काटा लागल्यावर गाठ आली आणि आठवडे झाले तरी जात नसेल तर डॉक्टरला सांगा की मी रोपांत काम करतो, नाहीतर ते साधं गळू समजून औषध देतात. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलेलं असू द्या.

आमच्याकडे त्या पोराच्या प्रकारानंतर थोडं बदललं. एका जुन्या थर्मामीटरच्या टोकाला ओली वात बांधून तो साध्या थर्मामीटरच्या शेजारी टांगला, दोघांत फरक कमी झाला की समजायचं हवा पाण्याने भरलीय, घाम वाळणार नाही, वरचं काम बंद. ट्रॉलीवरची कामं पहाटे करतो, तोडणी पण पहाटेच, फुलांना आणि फळांना तीच वेळ बरी असते म्हणून तिथे कुणाशी भांडायला लागलं नाही. दुपारी ट्रे भरणं, क्लिपा निवडणं, काड्या वेगळ्या करणं अशी शेडमधली कामं. नवीन माणसाबरोबर एक जुनं माणूस आठवडाभर लावतात, त्याने बोलत राहायचं, कारण बोलण्यावरूनच कळतं. फवारणीची वेळ दारावर खडूने लिहितात, परत आत कधी जायचं ते पण लिहितात, आणि जे वाचू शकत नाहीत त्यांच्यासाठी दाराला आडवी लाल दोरी बांधतात, ही दोरीची आयडिया आमच्यातल्या एका काकूंची.

जे झालं नाही ते संडासाचं. तो दूर आहे, गेटच्या पलीकडे, जायचं तर सगळ्यांच्या समोरून सांगून जायला लागतं, त्यामुळे बायका सकाळपासून पाणीच कमी पितात. मी स्वतः वर्षानुवर्षं तसंच केलंय आणि आजूबाजूच्या सगळ्या तसंच करतात, लघवीची जळजळ, इन्फेक्शन हे तर नेहमीचं, पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. दर 15 मिनिटांनी पाणी प्या असं कितीही बोर्डावर लिहिलं तरी त्याचा आम्हाला उपयोग नाही जोपर्यंत पॉलीहाऊसच्या दाराजवळ कडी लागणारा संडास आणि पाण्याचा नळ नाही. नवीन पॉलीहाऊस बांधायचा विचार चाललाय असं ऐकलंय, नकाशात पंप हाऊस आहे, खताच्या टाक्या आहेत, फवारणीच्या औषधाची खोली आहे. आम्ही सगळ्याजणींनी मिळून सांगितलंय की संडासाची जागा आत्ताच नकाशावर काढा, आणि सुपरवायझरने ते लिहून घेतलंय, पुढच्या आठवड्यात परत विचारणार आहोत.